दुसऱ्याने केलेला हिशेब

आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सॉफ्टवेअरशी काय देणंघेणं? किल्ले, लढाया आणि तोफा हा आपला नेहमीचा मुलूख. आज त्यातल्या प्रत्येकाला हात लावणार आहे, पण वाट कोडमधून जाते.

मी राहतो ते झिरकपूर अंबाल्याहून चंदीगडला येताना लागतं. कागदावर पंजाबात आहे, पण चंदीगडला चिकटलेलं. कधीकाळी शेतं होती, आता टॉवर आणि मॅरेज पॅलेस. लग्नसराईत रात्री अकराला रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर मागून ढोल ऐकू येतो, तो तुम्हीही ऐकला असेल. चंडीमंदिरचं वेस्टर्न कमांडचं मुख्यालय जवळ असल्याने इथे निवृत्त फौजी पुष्कळ, आणि मोहालीतल्या आयटी कंपन्यांमुळे कोड लिहिणारी पोरं त्याहून जास्त. आमच्या सोसायटीतही दोन मराठी मुलं आहेत, एक नांदेडचा, दुसरा इस्लामपूरचा. गणपतीत आमच्याकडे आरतीला होती, तेव्हा नांदेडकर म्हणाला, "कर्नलकाका, आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय एक ओळ पुढे जात नाही. तरी चुका जातातच. तुमच्या तोफा कशा चुकत नव्हत्या?"

तोफा चुकतात, बाळा. पण त्या चुका बाहेर जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. ती देवळालीच्या तोफखाना शाळेत पहिल्या काही आठवड्यांतच डोक्यात ठोकली जाते. तोफ लक्ष्य पाहत नाही. लक्ष्य डोंगरापलीकडे असतं. तोफेची दिशा आणि उंची कमांड पोस्टमध्ये हिशेब करून काढतात, आणि तो हिशेब दोन टेक्निकल असिस्टंट करतात. दोघंही मूळ माहितीपासून सुरुवात करतात आणि स्वतंत्रपणे शेवटपर्यंत जातात. मग आकडे जुळवायचे. जुळले तरच पुढे.

एका युनिटच्या रात्रीच्या फायरिंगला मी हजर होतो. दोन आकड्यांत १०० मिलचा फरक आला. वर्तुळाचे आम्ही ६४०० भाग करतो, त्यातला एक भाग म्हणजे एक मिल. दहा किलोमीटरवर १०० मिल म्हणजे गोळा जवळपास एक किलोमीटर बाजूला. एक आकडा अनुभवी हवालदाराचा, दुसरा नुकत्याच आलेल्या पोराचा. पोरगा हटला नाही. दोघांनी पुन्हा पहिल्यापासून केलं, पोराचा आकडा बरोबर निघाला. हवालदाराला कोणी बोललं नाही, पोराला शाबासकीही मिळाली नाही. त्या पद्धतीत हे रोजचंच आहे.

यातली मेख बघा. दुसऱ्याने पहिल्याची बेरीज नुसती तपासली असती तर चूक सापडली नसती, कारण बेरीज बरोबरच होती. चूक होती नकाशावरून आकडा वाचण्यात. समोर लिहिलेलं उत्तर असलं की डोळा त्याच्यामागे जातो. मूळ कागदापासून सुरुवात करणारा वेगळ्या वाटेने येतो, म्हणून त्याला खड्डा दिसतो.

संगणकाच्या जगात ही गोष्ट फार जुनी आहे. पंचकार्डाचा काळ आठवणारे काही श्रोते असतील. मुंबईच्या मोठ्या ऑफिसांतून तेव्हा पंच ऑपरेटर असत, त्यांत मराठी मुली पुष्कळ. एक जण कागदावरची माहिती टंकून कार्डाला भोकं पाडी. मग तेच कार्ड व्हेरिफायर नावाच्या दुसऱ्या यंत्रात जाई, आणि दुसरी ऑपरेटर मूळ कागद समोर ठेवून सगळं पुन्हा टंके. भोक आणि तिची कळ जुळली नाही तर यंत्र अडे. सगळं जुळलं तर कार्डाच्या कडेला खाच पडे. ती खाच म्हणजे सही. पहिल्या बाईचं काम नजरेखालून घालून पडणारी नव्हे, तर तेवढंच काम दुसऱ्यांदा करून मिळणारी. खर्च दुप्पट. तरी कंपन्या तो करत, कारण चुकीचं कार्ड पुढे गेलं तर काय होतं ते त्यांनी भोगलेलं होतं.

पुढे कार्डं गेली, पडदे आले आणि दुसऱ्यांदा टंकणं संपलं. प्रोग्राम मात्र मोठे होत गेले. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोने बोलावलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी उघडच कबूल केलं, की सॉफ्टवेअर आपल्या हाताबाहेर चाललं आहे. परिषद नाटोची, हे लक्षात ठेवा. या इतिहासात लष्कर पानोपानी भेटतं.

आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये एक निबंध छापला. सांगणं साधं होतं. कोड चालवून पाहण्याआधी चार जणांनी बसून ओळ न् ओळ वाचा. एक बैठक चालवेल, आणि एक जण कोड आपल्या शब्दांत समजावून सांगेल. बैठक दोन तासांच्या वर नको, कारण त्यानंतर माणूस वाचत नाही, पानं उलटतो. चूक लवकर सापडली तर दुरुस्तीचा खर्च दहा ते शंभर पटींनी कमी, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक नियम त्यांनी घातला, तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: या बैठकीत सापडलेल्या चुका माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात वापरायच्या नाहीत. वापरल्या, की पुढच्या बैठकीत चुका सापडायच्या बंद होतात. आमच्याकडच्या गोपनीय अहवालांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता या इतिहासातलं एक पान मला सावकाश सांगायचं आहे.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकी सैनिकांची बराक. इराकने सोडलेलं स्कड क्षेपणास्त्र येत होतं. ते पाडण्यासाठी पॅट्रियट क्षेपणास्त्रांची बॅटरी तैनात होती, चालूही होती. तिने गोळी झाडलीच नाही. २८ सैनिक गेले.

झालं असं होतं. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. एक दशांश ही संख्या आपल्याला सोपी, पण संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत ती पूर्ण लिहिताच येत नाही, शेपूट संपत नाही. २४ जागांत जेवढी मावेल तेवढी ठेवायची आणि उरलेली कापायची. चूक इवलीशी, पण दर दशांश सेकंदाला साचत जाणारी. धाहरानची बॅटरी सलग १०० तास चालू होती. साचलेली चूक झाली सेकंदाचा तिसरा हिस्सा, ०.३४ सेकंद. स्कडच्या वेगात तेवढ्यात ६८७ मीटरचा फरक पडतो. रडार आकाशात भलत्याच चौकोनात पाहत होतं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून यंत्राने ठरवलं, की काही नाही.

हे कोणाला आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी, ११ फेब्रुवारीला इस्राएलने अमेरिकेला कळवलं होतं, की आठ तासांतच यंत्राची नजर २० टक्के सरकते. त्यांनी निर्मात्याचा हिशेब तपासला नव्हता. स्वतःच्या युद्धातली नोंद घेऊन आपला हिशेब मांडला होता. दुसरा टेक्निकल असिस्टंट, बघा. १६ तारखेला सुधारलेलं सॉफ्टवेअर निघालं. २१ तारखेला पलटणींना संदेश गेला, की यंत्र फार वेळ सलग चालवू नका. 'फार वेळ' म्हणजे किती, हे लिहिलंच नव्हतं. ज्याने हुकूम लिहिले आहेत त्याला हे वाचून अंगावर काटा येईल. बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

आणखी एक बाब आहे, ती आमच्या नांदेडकराला सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "हे तर आमच्या रोजचं." गणितज्ञ रॉबर्ट स्कील यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं, की वेळेचा हिशेब अचूक करणारी सुधारणा त्या प्रोग्राममध्ये आधीच घातलेली होती, पण हव्या त्या सगळ्या ठिकाणी ती लावली गेली नव्हती. काही जागी नवा हिशेब, काही जागी जुना. दोन्हीकडे जुनाच असता तर चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकत्या. अर्धवट दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा महाग पडली.

सॉफ्टवेअर वेळेवर आणि धड मिळत नाही, ही तक्रार अमेरिकी संरक्षण खात्याची आधीपासूनच होती. म्हणून १९८४ मध्ये त्यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट काढली. तिथे आयबीएममधून आलेल्या वॉट्स हम्फ्री यांनी कंपन्या मोजायची पाच पायऱ्यांची मोजपट्टी घडवली. ती १९९१ मध्ये सीएमएम नावाने प्रसिद्ध झाली. दरम्यान २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेलच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका किड्याने त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं बंद पाडली. किडा ज्या वाटांनी शिरला त्यांतली एक म्हणजे आलेली ओळ किती लांब आहे हे न मोजता घेणारा प्रोग्राम. दारात येणाऱ्याला न विचारता आत घेणारा पहारेकरी. त्यानंतर काही आठवड्यांतच संगणक आणीबाणीचं पथक, सर्ट, स्थापन झालं. कुठे? त्याच इन्स्टिट्यूटमध्ये.

म्हणजे दर्जा आणि सुरक्षा एकाच छपराखाली होत्या. तरी उद्योगात दोन वेगळी खाती झाली. दर्जावाले प्रक्रिया मोजत, सुरक्षावाले चोर शोधत. न मोजलेल्या लांबीची ओळ ही दर्जाची चूक की सुरक्षेची? चोर ते विचारत नाही.

आपल्याकडे काय झालं? १९८१ मध्ये टीसीएसने पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू केलं. फकीरचंद कोहली यांची ही दूरदृष्टी. कोड न चालवता, यंत्रानेच वाचून त्यातले दोष शोधणारी साधनं तिथे घडली. यंत्राला पान ४० वर कंटाळा येत नाही, हा त्याचा मोठा गुण. नंतर सीएमएमची लाट आली. परदेशी गिऱ्हाईक बंगळूर-पुण्याच्या कंपनीवर विश्वास का ठेवेल? पाचव्या पायरीचं प्रमाणपत्र दाखवा. जगातल्या पाचव्या पायरीच्या कंपन्यांत भारतीय केंद्रांचा मोठा भरणा झाला. त्या शिस्तीने आपला आयटी उद्योग उभा केला, ते मी नाकारत नाही. पण जिथे कागद पूर्ण असण्याला मान असतो, तिथे कागद पूर्ण करणारे तयार होतात. छावणीतल्या इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री दगडांना चुना लावणारे आम्ही, आम्हाला हे कोणी शिकवायला नको.

आणि मग पुणं. १९०६ मध्ये स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक, कित्येक मराठी घरांची पासबुकं तिथली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. देशातही, कोल्हापूरसारख्या शहरांत, रुपे कार्डांवरून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या वाटेने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण ९४ कोटी. शुक्रवारीच अमेरिकेच्या एफबीआयने जगभरच्या बँकांना गोपनीय इशारा दिला होता, की एटीएमवर मोठा दरोडा शिजतो आहे. धाहरानसारखाच, इशारा आणि घाव यांच्यात एक पाऊल.

पद्धत समजून घ्या, कारण ती आपल्या विषयाच्या गाभ्यात आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा प्रश्न नेटवर्कमधून बँकेच्या स्विचकडे जातो, स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, 'या खात्यात पैसे आहेत का?', आणि उत्तर उलट्या वाटेने येतं. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच बसवला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता. खोटा स्विच दर वेळी म्हणे, 'आहेत, द्या.' ग्राहकांच्या खात्यातून एक रुपया वजा झाला नाही, कारण त्यांच्या खात्याला कोणी विचारलंच नव्हतं. पलीकडच्या यंत्राने उत्तर तपासलं, स्वरूप बरोबर, शिक्का बरोबर. बेरीज बरोबरच होती हो. नकाशा कोणी वाचला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घातली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला ती पायरीपायरीने कडक केली.

याच्या एक वर्ष आधीची न्हावा-शेव्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २७ जून २०१७ ला तिथल्या मर्स्कच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरचा हिशेब हाताने करायची वेळ आली. विषाणू आला होता युक्रेनमधल्या करभरणीच्या एका सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधून. उरणच्या गेटवर ट्रकच्या रांगा, आणि कारण कीव्हमधला एक सर्व्हर. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची मुख्य यादी सगळीकडे पुसली गेली होती, एक प्रत वाचली ती घानाच्या ऑफिसात, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. वीज जाण्याचा एवढा फायदा कोणाला झाला नसेल.

माझ्या जुन्या श्रोत्यांना इथे सभासदाची बखर आठवली असेल. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला लिहिलेली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था आहे. एका किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघं बरोबरीच्या दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. शिपाई, हिशेब आणि दरवाजा एका हाती नाही. एक जण फितूर झाला तरी किल्ला जात नाही. आपण हे निष्ठेच्या गोष्टींत सांगतो, पण मला त्यात अविश्वासाची मांडणी जास्त दिसते, आणि ती मोठी शहाणी आहे. महाराजांचा माणसांवर विश्वास होताच, तरी त्यांनी किल्ला विश्वासावर ठेवला नाही. हिरकणीची कथाही बघा. ती आख्यायिका आहे, पुरावा मागू नका. बाळासाठी एक गवळण रायगडचा कडा उतरून गेली. महाराजांनी तिला कैद केली नाही. साडी-चोळी दिली आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आज काही कंपन्या त्यांच्या सॉफ्टवेअरमधलं भोक दाखवणाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवतात.

नांदेडकराला मी विचारलं, तुमच्याकडे दुसरा माणूस नेमकं काय करतो? म्हणाला, "बदललेल्या ओळी पडद्यावर येतात, लाल आणि हिरव्या. शुक्रवारी संध्याकाळी ५०० ओळी येतात. वरवर बघून 'छान आहे' लिहायचं." इस्लामपूरकर म्हणाला, "आता तर कोड एआय लिहितो आणि तपासायलाही एआयच ठेवलाय." मी म्हटलं, अरे, मग एकाच टेक्निकल असिस्टंटला दोन खुर्च्या दिल्या.

लाल-हिरव्या ओळी बघणं म्हणजे पहिल्याची बेरीज बघणं. चुका त्यातही सापडतात, टायपिंगच्या, विसरलेल्या कंसाच्या. पण नकाशा चुकीचा वाचला असेल तर नाही. गिऱ्हाईकाने काय मागितलं तो कागद समोर ठेवून, कोड न बघता, दुसऱ्याने चाचण्या लिहिल्या तर तो स्वतंत्र हिशेब. 'हे १०० तास चाललं तर?', 'इथे हजार अक्षरांची ओळ आली तर?', 'हे उत्तर देणारा खोटा असेल तर?' हे प्रश्न लिहिणाऱ्याला सुचत नाहीत, कारण तो चालावं म्हणून लिहितो. ते विचारणारा माणूस वेगळा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि शुक्रवारी 'थांबा' म्हटल्यावर खरोखर थांबलं पाहिजे. फायरिंग रेंजवर धोका दिसला तर सगळ्यात कनिष्ठ जवानही फायर थांबवू शकतो. कर्नलसाहेब उभे असले तरी. नंतर त्याची भीती चुकीची ठरली तरी त्याला कोणी काही म्हणत नाही.

"आमच्याकडे थांबवलं तर मॅनेजर विचारतो, डेडलाइनचं काय," नांदेडकर म्हणाला. त्याच्या मॅनेजरच्याही वर कोणीतरी हाच प्रश्न विचारत असणार, हे मला माहीत आहे. मी त्याला धाहरानच्या तारखा एका कागदावर लिहून दिल्या: ११, १६, २१, २५, २६. त्या त्याने टीमच्या बैठकीत दाखवल्या म्हणे. निदान ५०० ओळी एकदम पाठवायच्या नाहीत आणि पैशाशी संबंधित कोडच्या चाचण्या लिहिणाऱ्याने स्वतः लिहायच्या नाहीत, एवढं त्यांनी ठरवलं आहे. पुढचं दिवाळीनंतर कळेल.

तुमच्यापैकी कोणी पंचकार्डावर, विशेषतः व्हेरिफायरवर काम केलं असेल, तर जरूर कळवा. त्या यंत्रावर दिवसाला किती कार्डं होत, जेवणाच्या सुट्टीआधी हात कसे दुखत, आणि चूक सापडलेली पहिली ऑपरेटर शेजारीच बसलेली असे का, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. पुढच्या भागात त्यावरच बोलू. नमस्कार.